ऑर्केस्ट्रात पहिला ट्रम्पेट: प्रोमेनाडचा पहिला सूर फुटतो आणि शेवटापर्यंत ओठ टिकत नाहीत, काय करू?

गोदाकाठ_ट्रम्पेट (पंचवटी, नाशिक)

नमस्कार मंडळी, इथे ब्रासवाले कमी आहेत हे माहितीये पण तरी विचारतो, कारण नाशकात हे विचारायला मला अजून कोणी सापडलेलं नाही.

मी बँडवाल्यांच्या घरातला. मामांचा बँड आहे, शाळेत असल्यापासून वरातीत ट्रम्पेट वाजवतोय, नोटेशन पुष्कळ नंतर शिकलो. गेली काही वर्षं मुंबईतल्या एका हौशी ऑर्केस्ट्रात तिसरा ट्रम्पेट वाजवतो. रविवारी सकाळच्या पंचवटी एक्स्प्रेसने जायचं, दिवसभर रिहर्सल, संध्याकाळच्या पंचवटीने परत. यावेळी पहिला ट्रम्पेटवाला बाहेरगावी गेलाय म्हणून त्याचा पार्ट माझ्याकडे आला आणि कार्यक्रमात आहे 'पिक्चर्स ॲट ॲन एक्झिबिशन'.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. रशियन संगीतकार मुसोर्गस्कीचा चित्रकार मित्र हार्टमन 1873 मध्ये वारला, त्याच्या चित्रांचं प्रदर्शन भरलं, ते बघून मुसोर्गस्कीने 1874 मध्ये पियानोसाठी हे लिहिलं. फ्रेंच संगीतकार रावेलने 1922 मध्ये ते ऑर्केस्ट्रासाठी बसवलं, आणि आज ऑर्केस्ट्रात बहुतेक ठिकाणी तेच वाजतं. एका चित्रापासून दुसऱ्या चित्राकडे चालत जायचं जे संगीत आहे ते प्रोमेनाड, आणि ते सुरू होतं एकट्या ट्रम्पेटने. म्हणजे सगळा ऑर्केस्ट्रा गप्प, कंडक्टरचा हात वर, आणि पहिले दोन बार, म्हणजे तालाचे पहिले दोन खंड, फक्त मी.

मामांच्या गोदामात, जिथे बँडचे लाल कोट टांगलेले असतात आणि दिव्यांच्या छत्र्या रचून ठेवलेल्या असतात, तिथे मी रोज प्रॅक्टिस करतो आणि तिथे हे दोन बार छान येतात. रिहर्सलला मात्र पहिला सूर कधी फुटतो, कधी आधी नुसती हवा येते आणि मग मागून सूर. बरं तो सूर उंच नाहीच आहे हो, वरातीत मी याच्या कितीतरी वर वाजवतो, तेही ढोलाच्या वर आवाज काढून.

दुसरी अडचण 'सॅम्युएल गोल्डनबर्ग आणि श्मुइल' या चित्राच्या तुकड्यात. श्मुइलचा भाग म्यूट (आवाज दाबायला भोंग्याच्या तोंडात बसवायचं बूच) लावलेल्या ट्रम्पेटला आहे, एकाच सुरावर भराभर तीन-तीनच्या गटात, मधे मधे कणस्वर, आणि चार ओळींनंतर माझी जीभ जड होते. तिसरी म्हणजे शेवटच्या 'ग्रेट गेट ऑफ कीव्ह' ला पोचेपर्यंत ओठ गेलेले असतात, माउथपीस दाबल्याशिवाय वरचे सूर निघत नाहीत. सगळं मिळून पस्तीसेक मिनिटांचं काम, त्यात बराच वेळ तर मी नुसता रेस्ट, म्हणजे गप्प राहायच्या मात्रा, मोजत बसलेला असतो, तरी एवढा थकवा का? वरातीत दोन-दोन तास वाजवून असं होत नाही.

एका मित्राने सांगितलं माउथपीस बदल, उथळ कपाचा घे, वरचे सूर सोपे जातील. घेऊ का? सी ट्रम्पेट ऑर्केस्ट्राकडून मिळालाय आणि पिकोलो, म्हणजे छोटा ट्रम्पेट, एकाकडून उसना मिळू शकतो. जाणकारांनी सांगावं.

माजी_बँड_हवालदार (नाशिकरोड)

बेटा, मी फौजेच्या बँडमध्ये होतो, पचमढीला मिलिटरी म्युझिकचं शिक्षण झालं, आता रिटायर होऊन नाशिकरोडला असतो. ऑर्केस्ट्रात कधी बसलो नाही, त्यामुळे श्मुइल वगैरेबद्दल बोलणार नाही. पण पहिल्या प्रश्नावर बोलतो, कारण ते काम आम्ही वर्षानुवर्षं केलंय.

तू लिहिलेले पहिले दोन बार मुलाला मोबाईलवर लावायला सांगितले आणि पेटीवर सूर शोधले. काळी पाच सा धर. मग ते होतात ध प सा रे प ग, रे प ग सा रे ध प, यातले ध आणि ध ला लागून येणारे प मंद्रातले. एकदा पेटीवर वाजवून बघ. मध्यम नाही, निषाद नाही, पाचच सूर, भूपाचे. भूप राग आहे असं म्हणत नाही, चलन वेगळंच आहे, पण सूर तेवढेच. म्हणजे आपल्या माणसाच्या कानाला हे परकं अजिबात नाही.

आता यातले प, सा, ग आणि वरचा प हे आपल्या बिगुलचे सूर आहेत. फौजेतला बिगुल काळी पाचचाच असतो आणि त्याला वॉल्व्ह नसतात, जे काय आहे ते ओठ आणि फुंक. तुझ्या त्या दोन बारमधल्या 13 सुरांपैकी 8 सूर नुसत्या बिगुलवर निघतात. सी ट्रम्पेटवर बोटं बघ, हे आठच्या आठ सूर पहिल्या वॉल्व्हवर आणि उरलेले पाच मोकळे. म्हणजे एका बोटाचं काम आहे! सोपं वाटतं ना, पण तिथेच मेख आहे. बोटं काही सांभाळत नाहीत, एकच वॉल्व्ह दाबून मंद्र प पण येतो, सा पण येतो, ग पण येतो, वरचा प पण येतो, कुठला यायचा ते ओठ ठरवणार. ओठाला आधीपासून सूर माहीत नसेल तर तो भलतीकडे जाणार किंवा फुटणार.

लास्ट पोस्ट, म्हणजे शहिदांना मानवंदनेची बिगुलची धून, वाजवणाऱ्या माणसाला काय करावं लागतं ते सांगतो. तो उभा असतो अर्धा तास, हालायचं नाही, पहाटेची थंडी, ओठ बर्फ, समोर अधिकारी आणि शहीद झालेल्याच्या घरचे लोक. वॉर्मअप नाही. एकदाच संधी. तिथे पहिला सूर चुकलेला चालत नाही आणि चुकूही नये, कारण तो कुणासाठी वाजतोय ते बघायला नको का. आम्हाला उस्तादांनी एकच शिकवलं, बिगुल ओठाला लागायच्या आधी सूर मनात गाऊन झालेला पाहिजे, आणि श्वास आत घेतला की अडवून धरायचा नाही, आत गेला की तसाच बाहेर. लोक श्वास भरून थांबतात, गळा आवळतो, मग जीभ सुटते आणि हवा मागून येते. तू म्हणतोस ना आधी नुसती हवा येते, ती यातूनच येते असं मला वाटतं.

प्रॅक्टिस अशी कर. वॉर्मअप करून ते दोन बार वीस वेळा वाजवलेस तर विसाव्यांदा चांगले येणारच, त्याचा उपयोग नाही. दिवसातून चार-पाच वेळा, काहीही काम चालू असताना उठायचं, वाद्य गार असतानाच उचलायचं, मनात सूर गायचा, दोन बार एकदाच वाजवायचे, चांगले येवोत वाईट येवोत, खाली ठेवायचं आणि कामाला लागायचं. दुसऱ्यांदा वाजवायचं नाही. कार्यक्रमात पण दुसऱ्यांदा मिळणार नाहीये.

गोदाकाठ_ट्रम्पेट

काका काय बोलू, एका बोटाचं काम आहे हे मी रोज वाजवून लक्षात आलं नव्हतं! आत्ता गोदामात जाऊन बघितलं, खरंच दुसरं आणि तिसरं बोट हलत सुद्धा नाही. पेटीवर सरगम पण गाऊन बघितली, भाचीने विचारलं मामा हे कुठलं गाणं. खूप आभार.

ब्रास_शौकीन

माउथपीस बदल भावा. मी 7सी नंबरच्या माउथपीसवरून उथळ कपावर गेलो, वरचे सूर लगेच सोपे झाले. एवढं लिहायची गरज नाही.

ठाणेकर_ट्रम्पेट

@ब्रास_शौकीन नका पाठवू त्याला त्या रस्त्याने, कार्यक्रम जवळ आलेला असताना तर मुळीच नको. उथळ कपाने वरचे सूर सोपे होतात हे खरं, पण प्रोमेनाडला जो भरीव, रुंद आवाज लागतो तो बारीक होतो, आणि या अख्ख्या प्रोमेनाडमध्ये तू उंच जातोयस कुठे? पहिल्या दोन बारचा सगळ्यात वरचा सूर पांढरी चार. अडचण उंचीची नाही तर उपाय उंचीचा कशाला.

हवालदार काकांनी जे लिहिलंय त्यावर एकच भर. त्या ग बद्दल. पहिल्या वॉल्व्हवरचा तो सूर पाचवा हार्मोनिक (एकाच नळीतून निघणाऱ्या सुरांच्या ओळीतला पाचवा) आहे आणि तो निसर्गतःच पियानोच्या सुरापेक्षा 14 सेंट (सेंट म्हणजे पियानोच्या लगतच्या दोन सुरांमधल्या अंतराचा शंभरावा भाग) उतरा असतो. ट्यूनर लावून बसलास तर सुई खाली दाखवेल आणि तू तो ओठाने ओढून वर नेशील, मग आवाज चिमटतो. तानपुऱ्यातून जो गंधार आपोआप ऐकू येतो ना, तो हाच. तिसऱ्या बारपासून बाकी ब्रास तीच ओळ भरगच्च करून वाजवते, तिथे हा ग थोडा खालचाच गोड लागतो. एकटा असताना थोडासा वर ठेव पण ओढू नको. कान शाबूत ठेवून वाजव, सुई बघून नको.

आता श्मुइल. आधी हे लक्षात घे की हा भाग अवघड आहेच, तुझ्यात काही कमी आहे म्हणून तो जमत नाहीये असं नाही. रावेलने पार्ट सी ट्रम्पेटसाठी लिहिलाय पण बरेच लोक तो पिकोलोवर वाजवतात. पिकोलोची नळी नेहमीच्या बी-फ्लॅट ट्रम्पेटच्या निम्म्या लांबीची, त्यामुळे तेच सूर तिथे खालच्या हार्मोनिकवर येतात, हार्मोनिक एकमेकांपासून लांब, सूर चुकायची भीती कमी. पण पिकोलोने ताकद वाचते असं समजून घेऊ नको, फुंक बारीक आणि दाबाची लागते, दम वेगळ्या तऱ्हेने लागतो. पिकोलो उसना मिळतोय तर आजच आण, पुढच्या महिन्यात नको, कारण त्याच्यावर ओठ बसायला वेळ लागतो.

जीभ जड होते त्याचं. तबलजी हातात बोल येण्याआधी तोंडाने पढंत करतो तसं आधी वाद्याशिवाय नुसतं बोल, तु-तु-कु तु-तु-कु, मेट्रोनोम लावून, संथ, आणि 'कु' 'तु' इतकाच ठळक येतोय का ते ऐक. आपल्या सगळ्यांचा 'कु' लंगडा असतो. म्हणून नुसत्या 'कु' ने एक सूर वाजवायचा, कु-कु-कु-कु, खूप वाईट वाटतं ऐकायला पण आठवड्यात फरक पडतो. कोणी हा भाग सिंगल टंगिंगने (नुसत्या 'तु' ने) काढतं, कोणी ट्रिपलने (तु-तु-कु ने), तुझी सिंगल किती वेगाने जाते त्यावर ठरव. आणि जीभ जड होते तेव्हा बहुतेक वेळा दोष जिभेचा नसतो, फुंक थांबत असते. प्रत्येक 'तु' ला नवी फुंक मारायची नाही, फुंक सलग, जिभेने ती फक्त चाटून जायची. एकदा तीच ओळ जिभेशिवाय, सगळे कणस्वर धरून, एका लांब फुंकेत वाजव. ते आलं की जीभ वर ठेव.

कणस्वर बीटच्या आधी टाकतात का बीटवर हे तुमच्या कंडक्टरला आधीच विचारून घे, नाहीतर ऐन वेळी बदल सांगतो आणि जीभ गोंधळते.

बँडमास्टर_मेनरोड

आमच्या लाईनचा पोरगा ऑर्केस्ट्रात पहिला ट्रम्पेट वाजवतोय हे वाचूनच छाती भरून आली. बँडवाल्याला लोक नुसतं वरातीपुरतं धरतात, त्याच्या ओठाची किंमत कोणाला कळत नाही.

तू विचारलंस वरातीत दोन तास थकत नाही आणि तिथे अर्ध्या तासात का थकतो. मी सांगतो. वरातीत आपण तिघं ट्रम्पेटवाले एकाच चालीवर असतो, मी दम घेतो तेव्हा दुसरा धरतो, दुसरा थांबतो तेव्हा क्लॅरिनेट आणि सॅक्स उचलतात. ठरवून नाही करत, चालता चालता होतं, एवढ्या वर्षांत सवयच झालेली असते. ओठ गेले तर खालच्या सप्तकात उतरायचं, कोण विचारतंय, नाचणाऱ्याला काय फरक पडतो. शिवाय ओठ एकदा गरम झाले की गरमच राहतात कारण थांबणं फार नसतंच. तिकडे तुझा सूर तुझ्याशिवाय कोणाकडेच नाही. वाजवायचं, मग पाच-सात मिनिटं बसायचं, ओठ गार होणार, मग एकदम पूर्ण ताकदीने उठायचं. हे आपल्याला कधी करावंच लागलेलं नसतं. म्हणून थकतोस. दम कमी नाहीये तुझा.

आणि एक, वरातीत डीजेच्या वर आवाज काढायची जी सवय आहे ती तिथे दाराबाहेर ठेव. आपण मोकळ्या रस्त्यावर फुंकतो, आवाज परत येतच नाही म्हणून अजून जोर लावतो. हॉलमध्ये आवाज परत येतो. निम्म्या जोरात काम होतं. मी एकदा एका चर्चच्या कार्यक्रमात वाजवलं होतं तेव्हा कळलं, पहिल्याच ओळीला भिंतींनी सांगितलं की बाबा हळू.

डाव्या हाताची पकड बघ. आपल्याकडे पोरं चालताना ट्रम्पेट आवळून धरतात, धक्का लागू नये म्हणून, आणि तोच हात माउथपीस ओठात दाबतो. खुर्चीवर बसून वाजवताना एवढी पकड लागत नाही. सैल धर.

क्लॅरिनेटवाली_ताई

ट्रम्पेटमधलं मला काही कळत नाही, पण हेच काम मी क्लॅरिनेटवर वाजवलंय म्हणून दोन गोष्टी. एक, एसी. मुंबईच्या हॉलमध्ये एसी इतका असतो की बाहेरच्या घामातून आत गेलं की वाद्य गारठतं. हवा एक अंशाने गार झाली की सूर साधारण 3 सेंट उतरतो, आणि तुम्ही पहिलेच वाजवणार त्यामुळे बाकी सगळे तुमच्या सुराला येऊन मिळणार. ट्रम्पेटवाल्यांना मी बघितलंय, रेस्टमध्ये आवाज न करता वाद्यात उबदार फुंक सोडत राहतात. ते करा, सुरुवातीच्या आधी तर नक्की.

दुसरं, रेस्ट मोजताना नुसते आकडे मोजू नका. मी पार्टवर पेन्सिलने लिहून ठेवते कोण काय वाजवतंय ते. 'ओल्ड कॅसल' ला सॅक्सोफोन, 'बिडलो' म्हणजे बैलगाडीला ट्यूबाचा सोलो, हळूहळू जवळ येतो आणि लांब जातो. बैलगाडी दूर गेली की पुढे कुठलं चित्र हे कानाला माहीत असलं की एंट्री चुकत नाही आणि भीती पण निम्मी होते. स्कोअर समोर ठेवून पूर्ण काम ऐका, फक्त स्वतःचा पार्ट नको. आणि फार सुंदर आहे ती बैलगाडी, ऐकाच.

हो, आणि नाशिकवरून येता म्हणून सांगते, रिहर्सलच्या सकाळी झणझणीत मिसळ नको, ओठ चुरचुरतात. दुपारी संपल्यावर खा.

ठाणेकर_ट्रम्पेट

बँडमास्टरांनी थकव्याचं जे लिहिलंय ते मी आजवर कुठल्या पुस्तकात वाचलं नाही आणि अगदी बरोबर आहे. तो आपसूक दम वाटून घेणं हा प्रकार ऑर्केस्ट्रात पण आहे, फक्त तिथे तो आधी ठरवून करावा लागतो. मोठ्या ऑर्केस्ट्रात अवघड कार्यक्रमाला पहिल्या ट्रम्पेटच्या शेजारी एक जास्तीचा माणूस बसवतात, त्याला असिस्टंट किंवा बंपर म्हणतात. जिथे सगळे मिळून जोरात वाजवतायत तिथे तो पहिल्याचा पार्ट उचलतो, म्हणजे पहिल्याचे ओठ सोलोसाठी राहतात. तुमच्याकडे चौथा ट्रम्पेटवाला असेल तर कंडक्टरला स्पष्ट सांग. यात कमीपणा काही नाही, जगातले मोठमोठे पहिले ट्रम्पेटवाले हे करतात. 'ग्रेट गेट' च्या शेवटच्या पानाआधीचे चार-आठ बार जरी त्याने घेतले तरी तुला कळेल काय फरक पडतो ते.

माणूस नसेल तर सगळा पार्ट घेऊन बस आणि कुठे पूर्ण जोर लागतोच आणि कुठे नाही यावर खुणा कर. फोर्टे लिहिलंय म्हणून प्रत्येक ठिकाणी जीव काढायचा नसतो. दुसरा-तिसरा ट्रम्पेट आणि ट्रॉम्बोन सोबत असतील तर तुझ्या एकट्याचा आवाज कोणी मोजत नाही, सगळ्यांचा मिळून येतो.

एक धोक्याची जागा सांगून ठेवतो. मुसोर्गस्कीच्या पियानोच्या मूळ लिखाणात श्मुइलनंतर परत एक प्रोमेनाड आहे आणि मग 'लिमोझ', म्हणजे बाजाराचं चित्र. रावेलने नेमका तोच प्रोमेनाड गाळलाय. म्हणजे श्मुइल संपलं की विसाव्याला मधे तुकडाच नाही, थेट बाजारातली धावपळ सुरू, आणि तू हातात पिकोलो आणि म्यूट घेऊन बसलेला. ही वाद्य बदलायची हालचाल वेगळी प्रॅक्टिस कर, खुर्चीवर बसून, स्टँड दोन्ही जागेवर ठेवून.

गोदाकाठ_ट्रम्पेट

सगळ्यांचे मनापासून आभार, काका, मास्तर, ताई, दादा. माउथपीस आहे तोच ठेवतोय. चौथ्या माणसाचं रविवारी विचारतो, एक पोलीस बँडमधले आहेत अधूनमधून येणारे, ते बसतील असं वाटतं. पिकोलो उद्या आणतोय.

एकच शंका राहिली दादा. माझा स्ट्रेट म्यूट सी ट्रम्पेटचा आहे, तो पिकोलोला चालेल का? आणि म्यूट लावला की माझा सूर चढतो, ते पिकोलोवर पण होईल का?

ठाणेकर_ट्रम्पेट

नाही चालणार, पिकोलोची बेल (भोंग्याचं तोंड) लहान असते, तुझा म्यूट नीट बसणार नाही, हलला तर ऐन श्मुइलमध्ये खाली पडेल. पिकोलोचा वेगळा लहान म्यूट मिळतो, ज्यांच्याकडून वाद्य घेतोयस त्यांच्याकडेच विचार, बहुतेक असतो. त्याच्या कॉर्कच्या पट्ट्या बघून घे, झिजल्या असतील तर बदल, आणि लावताना बेलमध्ये थोडी ओलसर फुंक मार मग पिळून बसव, घट्ट धरतो.

सूर चढणार, स्ट्रेट म्यूटने चढतोच. म्हणून पिकोलो म्यूट लावूनच ट्यून कर, स्लाईड किती ओढली तिथे पेन्सिलने बारीक खूण कर. गोल्डनबर्गचा भाग तंतुवाद्यं आणि लाकडी वाद्यं खालच्या सप्तकात एका सुरात वाजवत असतात तेवढ्या वेळात म्यूट बसवायचा आणि वाद्यात उबदार हवा सोडायची, नेमकं तेवढंच काम तेव्हा करायचं. रविवारी रिहर्सल कशी झाली ते इथे लिही.